याकूबचाचांचा दुसरा चहा

माझं अक्षर कोंबडीने अंगण उकरावं तसं आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला आजही जमत नाही. चौथी झाली आणि शाळा सुटली, तेव्हा जे काही येतं ते तेवढ्याच पुंजीवर. कोणी वाचावं म्हणून मी हे लिहीत नाही. पण चुकून कोणाच्या हातात पडलंच, तर चुकांकडे कानाडोळा करावा आणि जिथे अक्षर लागणार नाही तिथे अंदाजाने पुढे जावं. दुपारी डबे गेल्यावर जरा सवड मिळते, तेव्हा मुलीच्या जुन्या वहीतल्या कोऱ्या पानांवर लिहिते. तोंडाने मला बोलता येत नाही. चार माणसांत गेले की जीभ टाळूला चिकटते. याकूबचाचा आता सोलापूरला मुलीकडे राहायला गेले. ते गेल्यापासून कोणाशी तरी त्यांच्याबद्दल बोलावंसं फार वाटतं, म्हणून हा उद्योग.

चाचा शेगड्या दुरुस्त करायचे. सदाशिव पेठेत एका इमारतीच्या जिन्याखाली त्यांची जागा होती. तिथे एक माणूस बसला की दुसऱ्याला उभं राहावं लागे. त्यांच्या आजोबांपासून घराणं पुण्यातलं. आजोबा स्टोव्हला पिना करायचे, वडील वातीच्या शेगड्या दुरुस्त करायचे, आणि चाचांकडे गॅस आला. उंच, वाळलेले, कानावर पेन्सिल. अवजारं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. त्यात पाने-पक्कड तर असेच, पण एक दाढीचा ब्रशही असे. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, हे वाटेत कुठे दाढीबिढी करतात की काय. तो ब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून ते गॅसच्या नळीला फासत. बुडबुडा आला तर तिथून गॅस जातो. काडी ओढून गॅस गळतो का बघणाऱ्या माणसाला ते म्हणत, "छान. आता विमा उतरवून या, मग दुसरी काडी ओढा."

त्यांची माझी ओळख झाली ती माझ्या फजितीतून. आमचे हे हिंजवडीच्या कंपनीची बस चालवतात. पहाटे जातात, मुलगी शाळेत, त्यामुळे घरात दिवसभर मी एकटी. आम्ही काकूंच्या इमारतीत तळमजल्यावर मागच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि मी परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलांचे डबे करायला लागले. काकू म्हणजे आमच्या घरमालकीण. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या, पण निवृत्त फक्त शाळेतून झाल्या. तर एकदा माझ्या शेगडीची ज्योत पिवळी पडली. पातेल्यांची बुडं काळीकुट्ट, पोळी फुगेना, आणि भाजीला धुराचा वास. मुलं डबे अर्धे परत पाठवायला लागली. मी शेगडी घासली, बर्नर चिंचेत भिजवले, काही केल्या फरक नाही. शेवटी काकू म्हणाल्या, "याकूबला बोलवा. जीभ तिखट आहे, पण हात खरा."

चाचा आले, डबा खाली ठेवला, आणि शेगडीला हातसुद्धा न लावता स्टुलावर बसले.

"ताई, चहा टाका."

मला राग आला. घरात दूध बेताचंच होतं. मनात म्हटलं, कामाला हात लावायच्या आधीच चहा! पण बोलायची हिंमत नव्हती, म्हणून टाकला. सगळा वेळ ते टक लावून बघत होते. मी काडी कशी ओढते, आधी बटण फिरवते की आधी काडी लावते, पातेलं कुठे ठेवते, आणि ज्योत पातेल्याच्या कडेने वर येते का. चहा झाल्यावर त्यांनी पातेलं उचलून बूड बघितलं, बोटाने काजळी पुसली आणि वैद्यबुवांनी जीभ बघावी तसं त्या बोटाकडे पाहिलं.

"शेगडीला धाप लागली आहे," ते म्हणाले. "गॅस जास्त येतोय, हवा पुरत नाही. खाली जेट असतं, गॅस यायचं बारीक भोक. त्यात काही घातलं होतंत का?"

मी मान खाली घातली. "सुई."

"कसली सुई?"

"गोधडीची."

त्यांनी वाकून शेगडीकडे बघितलं. मग म्हणाले, "गोधडीची! ताई, शेगडीला टाके घालायचे होते का?"

दारात उभ्या असलेल्या काकू हसल्या, आणि मग मलाही हसू आलं. परक्या माणसासमोर हसण्याची माझी ती बहुधा पहिलीच वेळ. त्यांनी ते मोठं झालेलं जेट काढून मला दाखवलं, नवं बसवलं. ज्योत निळी झाली, सरळ, टोकदार. मग ते पुन्हा स्टुलावर बसले आणि म्हणाले, "आता आणखी एक चहा टाका."

मला वाटलं, आता हे उठत नाहीत. चहा झाला तसा मी कप त्यांच्या पुढे केला. त्यांनी तो माझ्याकडे सरकवला.

"पहिला चहा शेगडीचा होता, तपासायला. हा तुमचा. बसून प्या."

"मी नंतर घेईन."

"नंतर नाही. बारीक ज्योत ठेवली आहे, ती तुमचा चहा संपेपर्यंत विझता कामा नये. उभ्या राहिलात तर तुम्ही काहीतरी पुसायला जाल, बटणाला हात लावाल, आणि मला कळणार नाही. बसा."

मी जमिनीवर बसले आणि चहा प्यायले. ते ज्योतीकडे बघत होते, माझ्याकडे नाही. लग्न झाल्यापासून गरम चहा बसून, पूर्ण कप, मी कधी प्यायले होते ते मला आठवेना. पुढे कळलं की प्रत्येक घरात त्यांचा हाच नेम होता. पहिला चहा तपासणीचा, दुसरा घरात जी कोणी स्वयंपाक करते तिचा. एका घरात सासूबाईंनी तो कप स्वतः उचलला, तर चाचा म्हणाले, "आजी, शेगडी तुम्ही वापरता का? मग तुमचा चहा उद्या, टीव्ही बिघडला की."

त्यांच्या बोलण्याला असाच खारवलेल्या मिरचीसारखा स्वाद होता. पेठेतल्या लोकांना ते पेठेतल्या लोकांच्याच सुरात उत्तर देत. बटण घट्ट झालं म्हणून कोणी त्यात खोबरेल घातलं असलं की म्हणत, "केसांना लावलंत का उरलेलं?" खोबरेल सुकून चिकट होतं आणि बटण आणखी घट्ट बसतं, हे सांगायला मात्र विसरत नसत. बर्नर धुऊन ओला बसवला की अर्धाच पेटतो, हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं की अजून मी बर्नर उन्हात ठेवते आणि तो सुकेपर्यंत उगीच त्याच्याजवळ घुटमळते. स्वतःच्या कामाचा त्यांना गर्व होता, आणि तो ते लपवत नसत. "पुण्यात शेगडी दुरुस्त करणारे पुष्कळ आहेत," म्हणायचे, "शेगडीचं ऐकून घेणारा मी एक." मजुरीत घासाघीस केलेली त्यांना चालत नसे. पण कोणाकडे खरंच नसलं तर तेच म्हणत, "राहू द्या, शेगडी ओळखीची आहे."

माझी चुलत बहीण सुमन पुण्याबाहेर मांजरी गावात राहते. त्यांच्या उसाच्या रानात इमारती झाल्या आणि त्यातच तिला एक फ्लॅट मिळाला. तिने नवी कोरी कुकिंग रेंज घेतली, वर चार बर्नर, खाली ओव्हन, काडी नको, बटण दाबलं की ठिणगी. वास्तुशांतीला मी स्वयंपाकाला मदत करायला गेले होते. नव्या घरात दूध उतू घालायचं असतं. ते त्या रेंजवर घातलं. आमच्या चुलत्यांच्या घरचं दूध, पातेलंभर, सायीचं, आणि सगळे पूर्वेकडे तोंड करून हात जोडून उभे. दूध वर आलं, सांडलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि पाठोपाठ चारही बर्नर थंड. ठिणगी पडेना, काडी लावली तरी पेटेना. पन्नासेक माणसं जेवायची होती. सुमन रडायला लागली. शकुनालाच अपशकुन झाला म्हणून चुलती देवाजवळ जाऊन बसली.

मी चाचांना फोन केला. एवढ्या लांब येतील असं वाटलं नव्हतं, पण ते स्कूटरवरून आले. रेंज बघितली, आणि चहा टाका म्हणायचीसुद्धा सोय नाही हे पाहून म्हणाले, "वास्तुशांत दिसते. वर्षाला अशा किती घरी मला बोलावणं येतं म्हणून सांगू! पूजा सांगणारे गुरुजी आणि मी, एका मुहूर्ताला दोघांची कमाई."

चुलती उठून आली. तिचा चेहरा उतरलेला होता. "भाऊ, हे वाईट झालं का वो? घराला काही लागंल का?"

चाचा गुडघ्यावर बसून ओव्हनचं दार उघडून आत बघत होते. तिथून म्हणाले, "आजी, वाईट कसलं? दूध इतकं उतू गेलंय की खाली ओव्हनपर्यंत बरकत पोचली आहे. असा शकुन मी पाहिला नाही."

चुलती हसली. तिथून पुढे घरात सगळं सुरळीत झालं. ठिणगी पडते त्या पांढऱ्या चिनी मातीच्या टोकावर साय धरली होती, तिथून ठिणगी भलतीकडेच जात होती. त्यांनी बर्नर काढले, भोकं मोकळी केली, टोकं पुसून कोरडी केली. जाताना सुमनला म्हणाले, "पुढच्या घरी दूध उतू घालाल तेव्हा जुनी एक बर्नरची शेगडी घ्या, परातीत ठेवा, आणि घाला पाहिजे तेवढं. देवाला दूध पाहिजे, बर्नरला नको." दुसरा चहा सुमनला बसून प्यावा लागला. पन्नास माणसं तिच्याकडे बघत होती आणि ती नव्या शालूत जमिनीवर बसून चहा पीत होती.

परत येताना त्यांनी मला स्कूटरवर मागे बसवून आणलं. वाटेत एका हौदासारख्या खड्ड्यात ते सरळ गेले. मी ओरडले. "दिसला नाही," ते म्हणाले. तेव्हा मी ते मनावर घेतलं नाही.

त्याच वर्षी त्यांनी मला एक हत्ती दिला. पेठेतल्या एका डॉक्टरांच्या घराचं काम निघालं आणि त्यांनी जुनी कुकिंग रेंज भंगारात काढली. चाचांनी ती भंगारवाल्याकडून घेतली, नवे भाग घातले आणि हातगाडीवरून माझ्या दारात आणली. आमचे हे म्हणाले, "एवढा हत्ती ठेवायचा कुठे? आणि पैसे?" चाचा म्हणाले, "हत्ती कोपऱ्यात मावतो. पैसे जसे येतील तसे." मला म्हणाले, "तुला नानकटाई चांगली जमते. तव्यावर झाकण ठेवून करतेस. कधी ओव्हनमध्ये करून बघ."

त्यांनी मला ताई म्हणणं कधी सोडलं आणि तू कधी म्हणायला लागले, आठवत नाही. सुईच्या गोष्टीनंतर कधीतरी.

हत्ती बसवल्यावर त्यांनी पावाच्या लाद्या आणायला सांगितल्या. पावाचे काप केले आणि ओव्हनच्या जाळीवर कडेपासून कडेपर्यंत मांडले, पत्ते मांडावेत तसे. थोड्या वेळाने दार उघडलं. मागचे उजवीकडचे काप काळे झाले होते, मधले सोनेरी, आणि दाराजवळचे अजून पांढरे.

"हा तुझ्या ओव्हनचा नकाशा," ते म्हणाले. "मागे आच जास्त, पुढून उष्णता पळते." दाराच्या फटीत कागद धरून दार लावलं आणि कागद ओढला. तो सहज निघाला. "रबर गेलं आहे. दार घट्ट लागत नाही, आणि लोक म्हणतात भाजणारीच चुकली." त्यांनी दाराचं रबर बदललं. पुन्हा काप मांडले. या वेळी कागद फाटला पण निघाला नाही, आणि काप जवळजवळ सारखे झाले. त्या दिवशी डब्यात सगळ्या मुलांना टोस्ट गेले. एका मुलाने मला चिठ्ठी पाठवली, "मावशी, आज तुमचा वाढदिवस आहे का?"

मी महिन्याला जमेल तसं त्यांना देत होते. हाती ठेवले की खिशात घालत. सगळा हिशेब त्यांच्या डोक्यात असे, एका रुपयाचाही फरक कधी पडला नाही.

मग एकदा काकूंच्या वरच्या स्वयंपाकघरात प्रकार घडला. काकूंच्या शेगडीचं एक बटण घट्ट झालं होतं, म्हणून त्यांनी चाचांना बोलावलं. मी डब्यांच्या पोळ्यांसाठी काकूंचा तवा मागायला गेले होते, म्हणून तिथे होते. हल्ली चाचा पायी येत. स्कूटरला पेट्रोल महाग, म्हणत. पहिला चहा झाला. चाचा ज्योतीजवळ वाकून म्हणाले, "ही पिवळी आहे. जेट साफ करावं लागेल."

काकू म्हणाल्या, "पिवळी? कुठे?"

"ही काय."

मी बघितलं. ज्योत निळी होती. स्वच्छ निळी. चाचांनी बर्नर काढले, जेट काढलं, सगळं खोललं, पुन्हा बसवलं, आणि पुन्हा म्हणाले, "अजून पिवळीच."

काकूंनी चष्मा वर केला. "याकूब, माझं नाक तोंडावर आहे, आणि डोळे त्याच्या दोन्ही बाजूंना. ज्योत निळी आहे. तुम्ही एकदा डोळे तपासून घ्या. आणि जे बिघडलं नव्हतं ते उघडल्याचे पैसे मी देणार नाही."

मी वाट बघत होते की चाचा आता काहीतरी असं म्हणतील की काकू निरुत्तर होतील. त्यांनी नुसता डबा उचलला आणि निघाले. दाढीचा ब्रश ओट्यावरच राहिला होता. तो घेऊन मी त्यांच्या मागे खाली गेले तर ते जिन्याचा कठडा हाताने चाचपत उतरत होते. मला त्यांना हाक मारवली नाही.

ब्रश द्यायला म्हणून मी त्यांच्या घरी गेले. चाची, त्यांच्या पत्नी, दारातच तांदूळ निवडत होत्या. चाचा झोपले होते. चाचींनी मला आत घेतलं आणि आवाज खाली करून सांगितलं, "मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. सगळं पिवळं दिसतं त्यांना, धुराच्या आडून बघावं तसं. डॉक्टरांनी मागेच सांगितलं होतं ऑपरेशन करा. पैसे बाजूला ठेवले होते."

"मग?"

चाचींनी तांदळातला एक खडा काढून टाकला. "मग तुझा हत्ती आला ना. म्हणाले, डोळे थांबतील, भंगारवाला थांबणार नाही."

मी घरी येऊन रेंजकडे बघत बसले. तिच्या पत्र्यात माझा चेहरा दिसत होता. त्यांचे डोळे माझ्या कोपऱ्यात उभे होते आणि मी त्यांच्यावर नानकटाई भाजत होते. आमच्या यांना सांगितलं. हे म्हणाले, "विकून टाक. देऊन टाकू." मीही तेच ठरवलं. दुसऱ्या दिवशी जिन्याखाली जाऊन चाचांना सांगितलं. इतका वेळ घोकून गेले होते, तरी वाक्य अर्धंच बाहेर पडलं.

त्यांना कळलं की चाचींनी सांगितलं. चिडले. "विक. आणि त्या पैशांनी माझे डोळे उघडतील, आणि उघडून मी काय बघू? तुझा रिकामा कोपरा?" मग थोड्या वेळाने, हळू, "दिवाळी आली आहे. भाज. विकण्यापेक्षा भाज."

मग मी जे कधी केलं नव्हतं ते केलं. पेठेतल्या घरोघरी जाऊन विचारलं, नानकटाई हवी का. पहिल्या दारात माझा आवाजच फुटला नाही, तेव्हा मागून काकू आल्या आणि म्हणाल्या, "ही नानकटाई करते. घ्या. बोलत नाही, पण बिस्किटं बोलतात." काकूंना चाचींचं बोलणं मी सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशीपासून त्या माझ्याबरोबर दारोदार हिंडत होत्या. सगळी इमारत, मग शेजारची, मग डब्याच्या मुलांच्या क्लासमधल्या बाया, असं करत ऑर्डर इतकी झाली की मला भीती वाटायला लागली.

आणि ऐन दिवाळीच्या आधी हत्ती बसला. ओव्हनचं बटण दाबून धरलं की पेटे, सोडलं की विझे. मी दाबून धरून धरून अंगठा दुखवला. पीठ मळून तयार, ट्रे भरलेले, वरून लोकांना दिलेला शब्द. चाचांना निरोप पाठवला, आणि पाठवताना वाटलं, येऊन काय करतील बिचारे.

ते आले. स्टूल ओढून बसले, डोळे मिटले.

"बटण दाब. सोड. पुन्हा."

त्यांनी कान लावून ऐकलं. "विझताना टक असा आवाज येतो. म्हणजे नाक काम करत नाही." ओव्हनमध्ये ज्योतीजवळ तांब्याची एक बारीक कांडी असते, तिला ते नाक म्हणत. तिला ज्योतीची ऊब लागली तरच ती गॅस सुरू ठेवते. नाही लागली तर गॅस बंद, म्हणजे चुकून विझली तरी घरात गॅस भरू नये.

"आता मी हात घालणार, तू बघणार. काय दिसतं ते सांग."

मी वाकून बघितलं. "ज्योत आहे."

"कशी आहे?"

"निळी," मी पुटपुटले.

"मोठ्याने. मला डोळे नाहीत, आणि आता कानही नाहीत असं करू नकोस."

"निळी आहे!" मी ओरडले. वरून काकूंनी विचारलं, काय झालं म्हणून.

"आणि नाक कुठे आहे? ज्योतीत की बाहेर?"

मी आणखी खाली वाकले. "बाहेर. वाकलंय. ज्योत त्याच्या शेजारून जाते."

"ट्रे आत-बाहेर करताना लागला असेल. आता मी वळवतो, तू सांग. किती राहिलं?"

"थोडं अजून. अजून. डावीकडे. नाही, तुमच्या डावीकडे. बास! लागलं, टोक लाल झालं."

त्यांनी बटण सोडलं. ज्योत विझली नाही. ते तसेच गुडघ्यावर बसून राहिले, चेहऱ्यावर ओव्हनची उष्णता घेत. मग म्हणाले, "चहा टाक. आणि आज दुसरा मला. डोळे तू वापरलेस, थकलो मी."

नानकटाई सगळी झाली. सगळी गेली. काकूंनी काही घरांतून पैसे वसूल केले, आणि काकू वसुलीला आल्या की कोणी पैसे थकवत नाही. मी ते सगळे चाचींच्या हातात नेऊन ठेवले. थोडेसेच बाकी राहिले होते. ते मी पुढच्या आठवड्यात देणार म्हटल्यावर चाचा आतून म्हणाले, "बाकीचे ऑपरेशन झाल्यावर घेईन. मोजून घेईन. आत्ता मला शंभराची आणि दोनशेची एकच दिसते, तू फसवशील."

ऑपरेशन झाल्यावर बऱ्याच दिवसांनी, दुपारी, डबे गेल्यावर ते आले. काळा चष्मा, पांढरा सदरा, हातात डबा.

"टाक चहा."

"शेगडी बिघडली नाही, चाचा."

"ते मी ठरवीन."

मी हत्तीवर चहा टाकला. त्यांनी चष्मा काढला आणि वाकून बघितलं. इतका वेळ बघत राहिले की चहा उतू जायला आला आणि मी पातेलं उचललं.

"अगं, ही एवढी निळी असते?"

"असते."

"म्हणजे इतकी वर्षं मी लोकांना निळी दाखवून पैसे घेत होतो, आणि खरी निळी ही आहे!" मग आणखी वाकले. "आणि मागच्या डाव्या बर्नरच्या टोकाला हे पिवळं काय आहे? इतके दिवस सांगितलं नाहीस?"

"मला तर निळीच दिसते."

"तुझे डोळे जुने झाले. माझे नवे आहेत." त्यांनी बर्नरखालची हवा कमी-जास्त करायची पट्टी जराशी फिरवली, आणि खरंच, तो पिवळा ठिपका गेला. मग नेहमीप्रमाणे स्टुलावर बसले. "दुसरा टाक. आणि बस."

मी जमिनीवर बसून चहा प्यायले. राहिलेले पैसे मी आधीच पदराच्या गाठीत बांधून ठेवले होते, ते काढून त्यांच्या गुडघ्यावर ठेवले. त्यांनी एक एक नोट खिडकीकडे धरून बघितली. "शंभराची जांभळी आहे होय! आणि ही दोनशेची कशी शेंदरी आहे बघ." सगळ्या बघून झाल्या, पण उठले नाहीत. बारीक ज्योत चालू होती आणि माझ्या कपात अजून दोन घोट होते. मी ते संपवले आणि कप खाली ठेवला. तेव्हा त्यांनी नोटा सारख्या केल्या, आतल्या खिशात घातल्या, वरून हात फिरवला आणि म्हणाले, "फिटले. पूर्ण फिटले."